शक्यतेचा पत्ता

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांचा कलाकृतीवरचा प्रसिद्ध निबंध इंग्रजी वाचकांपर्यंत सर्वदूर पोहोचला तो १९६८ साली, हाना आरेन्ट यांनी संपादित केलेल्या ‘इल्युमिनेशन्स’ या संग्रहातून. हॅरी झोन यांच्या त्या भाषांतराचं शीर्षक होतं ‘द वर्क ऑफ आर्ट इन द एज ऑफ मेकॅनिकल रिप्रॉडक्शन’. चित्रपट आणि छायाचित्रण यांवर लिहिणाऱ्या दोन पिढ्यांच्या तोंडी ते बसलं. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने बेन्यामिन यांचं लेखन नव्याने इंग्रजीत आणलं, तेव्हा शीर्षकातला शेवटचा शब्द बदलून ‘रिप्रॉड्युसिबिलिटी’ करण्यात आला. उच्चारायला अवघड, कानाला रुक्ष असा हा शब्द. पण बरोबर तोच आहे. मूळ जर्मनमध्ये ‘रेप्रोडुत्सीयरबारकाइट’ असा शब्द आहे आणि त्याच्या पोटातला ‘बार’ हा प्रत्यय आपल्या ‘-ण्याजोगा’चं काम करतो. ‘रिप्रॉडक्शन’ म्हणजे प्रती निघणं. ‘रिप्रॉड्युसिबिलिटी’ म्हणजे प्रती काढण्याजोगं असणं. पहिली घडलेली गोष्ट आहे, दुसरी वस्तूच्या अंगी असलेली. छायाचित्राची निगेटिव्ह कपाटात पडून असेल, तिची एकही प्रत निघाली नसेल, तरी तिच्या कितीही प्रती निघू शकतात आणि त्यांतली ‘अस्सल’ कोणती हा प्रश्नच तिच्या बाबतीत उठत नाही. बेन्यामिन यांचं म्हणणं नेमकं इथे उभं आहे. प्रती माणूस पूर्वीपासून काढतच आला. नवं हे की आता कलाकृती घडवतानाच ती प्रती निघाव्यात अशा बेताने घडवली जाते. पहिली प्रत निघण्याआधीच तिचं रूप बदललेलं असतं. जुन्या इंग्रजी शीर्षकाने ही आधीची अवस्था पुसली आणि तिच्या जागी छापखान्यातून बाहेर पडलेला गठ्ठा ठेवला.

एका प्रत्ययाची ही गोष्ट मला मोठी वाटते, कारण जर्मनमधले शक्यतेचे शब्द इंग्रजीत जाताना जे घडतं त्याचा नमुनाच तिच्यात आहे. अशा भाषांतरांत चूक होते ती बहुतेकदा अर्थाची नसते, पत्त्याची असते. शक्यता कुठेतरी राहत असते. ती वस्तूत असेल, माणसाच्या अंगच्या सामर्थ्यात असेल, परिस्थितीच्या जुळणीत असेल, किंवा नुसती पाहणाऱ्याच्या अंदाजात असेल. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा हे पत्ते न चुकता सांगतो. ‘तो घरी असेल’ यात माझा अंदाज आहे. ‘तो घरी असावा’ यात दिव्यावरून, चपलांवरून काढलेलं अनुमान आहे. ‘तो घरी असू शकतो’ यात त्याला असलेली मोकळीक आहे. ‘तो घरी आहे म्हणे’ यात तिसऱ्याच कुणाचा शब्द आहे. चारही वाक्यं एकाच कोऱ्या ‘शक्यते’त ओतली तर ढोबळ मतलब पोहोचेल, पण ती शक्यता कुणाची हे कळणार नाही. जर्मन लेखकांनी ज्या शब्दांवर भार टाकला त्यांवर हा पत्ता ठळक लिहिलेला असतो. इंग्रजी भाषांतरात तो वारंवार बदलतो: वस्तूतली शक्यता घटनेत जाते, नाहीतर जाणणाऱ्याच्या डोक्यात जाते.

बेन्यामिन यांच्याबाबत एक वजनदार आक्षेप आहे. हा निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला तो १९३६ साली, फ्रेंचमध्ये, पिएर क्लोसोव्स्की यांच्या भाषांतरात. आणि त्या फ्रेंच शीर्षकातही ‘रिप्रॉडक्शन’च होतं. मग लेखकाच्या डोळ्यांदेखत जे झालं त्याबद्दल इंग्रजी भाषांतरकाराला दोष का द्यावा? दोष देण्याचा हेतू नाही. शीर्षकाला वाचकाच्या जिभेवर बसावं लागतं हेही खरं. पण हा प्रत्यय बेन्यामिन यांच्या विचारातला अपघात नव्हता. १९२३ साली बोदलेरच्या कवितांच्या आपल्या भाषांतराला त्यांनी भाषांतरकाराच्या कार्यावरची प्रस्तावना जोडली. तिचा पायाच ‘युबरझेट्सबारकाइट’ म्हणजे भाषांतर होण्याजोगेपण हा आहे. एखादी कृती भाषांतर होण्याजोगी आहे की नाही हे कोणी भाषांतरकार भेटतो की नाही यावर ठरत नाही, असं ते तिथे सांगतात. एखादा क्षण सगळ्यांनी विसरला तरी अविस्मरणीय असू शकतो, हा त्यांचा दाखला आहे. मराठीत हे चटकन पटतं. आपला ‘-नीय’ प्रत्यय ‘होऊ शकतं’ आणि ‘व्हायला हवं’ या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. वाचनीय पुस्तक कुणी वाचलं नाही म्हणून त्याचं वाचनीयपण जात नाही. उलट न वाचणाऱ्याकडेच काहीतरी मागणं उरतं. इंग्रजीतही ‘-एबल’ आहे, सॅम्युएल वेबर यांनी बेन्यामिन यांच्या या ‘-एबिलिटी’वर २००८ साली अख्खं पुस्तकही लिहिलं. म्हणजे भाषा गरीब नव्हती. घडून गेलेल्या गोष्टीचं नाव घ्यायला सोपं आणि घडण्याजोग्या गोष्टीचं अवघड, एवढंच कारण होतं.

पदार्थविज्ञानात हाच पत्ता बदलला आणि त्याची किंमत फार मोठी पडली. वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२७ साली जो निबंध लिहिला, त्यात इलेक्ट्रॉनचं स्थान आणि संवेग या दोन्ही राशी एकाच वेळी हव्या तितक्या काटेकोर असू शकत नाहीत हे दाखवलं. त्यासाठी त्यांनी वापरलेले जर्मन शब्द एकसारखे नाहीत. मुख्य मजकुरात काटेकोरपणाच्या अभावासाठी ‘उनगेनाउइगकाइट’ येतो. अनिर्धारित असण्यासाठी ‘उनबेश्टिम्टहाइट’ हा शब्द आहे आणि तोच पुढे हायझेनबर्ग यांना जवळचा राहिला. खात्री नसण्याला ‘उनझिशरहाइट’ म्हणतात, आणि तो ठळकपणे येतो तो शेवटच्या पुरवणी टिपणात. तीन शब्द, तीन पत्ते. पहिला मोजमापाकडे बोट दाखवतो, दुसरा मोजल्या जाणाऱ्या वस्तूकडे, तिसरा मोजणाऱ्या माणसाकडे. हायझेनबर्ग यांची शिकागोतली व्याख्यानं १९३० साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आली आणि त्यात ‘अनसर्टन्टी’ हा शब्द रूढ झाला, म्हणजे तिघांपैकी माणसाच्या मनात राहणारा. जर्मनमध्ये आजही ‘उनबेश्टिम्टहाइट’ किंवा ‘उनशेर्फे’ म्हणजे धूसरपणा म्हणतात. खात्री नसणं म्हणत नाहीत. इंग्रजी शब्दामुळे असंख्य वाचकांची समजूत अशी झाली की इलेक्ट्रॉनला आपली नेमकी जागा आहेच, ती फक्त आपल्याला कळत नाही. उपकरणं सुधारली की कळेल. सिद्धांत सांगतो ते याहून कितीतरी विलक्षण आहे, आणि ते ऐकायच्या आधीच शब्दाने दार लावून घेतलं.

इथे कोणी म्हणेल की इंग्रजी व्याख्यानं हायझेनबर्ग यांनीच दिली, शब्द त्यांनी चालू दिला. शिवाय भौतिकशास्त्रज्ञ गणिताने विचार करतो, नावाने नव्हे. दुसरा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. समीकरण नावामुळे बदलत नाही हे खरं. पण समीकरणाचा अर्थ काय, यावर त्या काळातल्या थोर शास्त्रज्ञांत जो वाद झाला, तो तर नेमका हाच होता की अनिश्चितता निसर्गात आहे की आपल्या माहितीत. ज्या प्रश्नावर वाद आहे त्याचं उत्तर नावातच देऊन टाकणं ही साधी बाब नाही. पहिल्या मुद्द्याला उत्तर हायझेनबर्ग यांच्याच पुढच्या लेखनात आहे. १९५५-५६ मध्ये सेंट अँड्रूज विद्यापीठात इंग्रजीतून दिलेल्या व्याख्यानांत अणूंच्या अवस्थेविषयी बोलताना ते ॲरिस्टॉटलच्या ‘पोटेन्शिया’ या संकल्पनेकडे वळले. तरंगफलनात दिसते ती वस्तूचीच एक अवस्था, शक्य आणि वास्तव यांच्या मधल्या मुलुखातली, असं त्यांना सुचवायचं होतं. ‘अनसर्टन्टी’त ते मावलं नसतं, म्हणून लॅटिनचा जुना शब्द उकरून काढावा लागला. आपण मराठीत ‘अनिश्चितता तत्त्व’ म्हणतो. तो शब्द इंग्रजीवरूनच घडला, पण मूळच्या अधिक जवळ जाऊन बसला. मराठीत लग्नाची तारीखही अनिश्चित असते आणि मनही. तारीख अनिश्चित आहे म्हणजे ती कुठेतरी ठरलेली आहे आणि मला ठाऊक नाही असं नव्हे. ती ठरलेलीच नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने ही तारखेची अनिश्चितता सांगावी, मनाची नव्हे.

आता ‘त्सूफाल’. योगायोग, आकस्मिक घटना, तत्त्वज्ञानातली अनावश्यकता, एवढं सगळं हा एक शब्द वाहतो. ‘त्सू’ म्हणजे कडे, ‘फाल’ म्हणजे पडणं. मध्ययुगातल्या जर्मन गूढवाद्यांनी लॅटिन शब्दाच्या धर्तीवर तो घडवला. त्याचं क्रियापद ‘त्सूफालेन’ आजही वापरात आहे. वारसाहक्काची मिळकत एखाद्याकडे ‘त्सूफालेन’ होते. मराठीत याला इतका चपखल वाक्प्रचार आहे की नवल वाटावं: पदरी पडणं. घटना नुसती घडत नाही, ती कुणाच्या तरी पदरात पडते. योगायोगाला आपण ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ म्हणतो, संस्कृतातला काकतालीय न्यायही कावळा आणि ताडाचं फळ सांगतो. तिथेही काहीतरी वरून खाली येतंच. इंग्रजी भाषांतरकारापुढे मात्र ‘चान्स’, ‘ॲक्सिडेंट’, ‘कोइन्सिडन्स’, ‘कॉन्टिन्जन्सी’ असे चार शब्द उभे राहतात आणि प्रत्येक वाक्यात एक निवडावा लागतो. कान्टच्या कोटींच्या तक्त्यात आवश्यकतेसमोर ‘त्सूफेलिगकाइट’ आहे, तिथे ‘कॉन्टिन्जन्सी’ घ्यावा लागतो. जुगाराच्या वर्णनात ‘चान्स’. यात इंग्रजी वाचकाचा फायदाही होतो, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. जर्मन लेखक कधीकधी एकाच शब्दावरून घसरत दुसऱ्या अर्थावर जातो आणि आपण काहीतरी सिद्ध केलं असं त्याला वाटतं; इंग्रजी भाषांतरात ती घसरण उघडी पडते. पण निवडलेल्या चारही शब्दांत एक गोष्ट उरत नाही, ती म्हणजे ज्याच्या पदरी पडलं तो माणूस. नीत्शेचा झरथुष्ट्र तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला म्हणतो की आता माझ्याकडे असं काय पडणार, जे आधीच माझं नाही. तिथे सगळा विचार ‘पडण्या’च्या श्लेषावर चालतो. ‘ॲक्सिडेंट’ लिहून पुढे ‘येणं’ किंवा ‘घडणं’ लिहिलं की तत्त्व उरतं, धागा तुटतो. इंग्रजीत ‘बिफॉल’ आहे, वाट्याला येण्यासाठी ‘फॉल टू वन्स लॉट’ आहे; ते वापरले की श्लेष बराचसा वाचतो.

भाषाशास्त्रज्ञ इथे रास्तपणे हटकेल: व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. हे अगदी खरं आहे. ‘कदाचित’ म्हणताना कुणाला ‘कधीतरी’ आठवत नाही. जर्मन ‘फीलाइश्ट’ मुळात ‘फार सहज’ होता, इंग्रजी ‘परहॅप्स’मध्ये नशिबाचा जुना ‘हॅप’ आहे. तिन्ही शब्द झोपलेले आहेत आणि त्यांना उठवून त्यांतून तीन समाजांचे स्वभाव काढणं हा पोकळ उद्योग आहे. माझा आधार झोपलेल्या शब्दांवर नाही. ‘बार’ हा प्रत्यय जागा आहे. जर्मन माणूस कालच आलेल्या उपकरणालाही तो लावून ‘चार्ज करण्याजोगं’, ‘घडी घालण्याजोगं’ असे शब्द पाडतो. ‘त्सूफालेन’ हे क्रियापद जागं आहे. ‘उनबेश्टिम्ट’ आणि ‘उनझिशर’ यांतला भेद शाळकरी मुलालाही कळतो. आणि जिथे शब्द डुलकी घेत होता तिथे लेखकाने, नीत्शेसारख्याने, त्याला त्या वाक्यापुरतं हलवून जागं केलेलं आहे. भाषांतरकाराने शब्दकोशातल्या झोपेकडे नव्हे, वाक्यातल्या जागेपणाकडे पाहायचं असतं.

लेखकाची संमती मात्र अधिक चिवट अडचण आहे. विट्गेनश्टाइन यांच्या ‘ट्रॅक्टेटस’मध्ये ‘झाखफरहाल्ट’ हा कळीचा शब्द आहे: वस्तूंची अशी जुळणी, जी असेल किंवा नसेल. १९२२ च्या ऑग्डेन यांच्या इंग्रजी आवृत्तीत, जिचं बरंचसं काम तरुण फ्रँक रॅम्सी यांनी केलं, त्यासाठी ‘ॲटॉमिक फॅक्ट’ आहे. १९६१ च्या पीअर्स आणि मॅकगिनेस यांच्या भाषांतरात ‘स्टेट ऑफ अफेअर्स’. पहिल्यातली अडचण मराठीत करून पाहिली की लगेच बोचते. ग्रंथात अशा जुळण्यांच्या असण्या-नसण्याबद्दल बोललं आहे, आणि ‘नसलेली वस्तुस्थिती’ हा शब्दप्रयोगच उभा राहत नाही. पण ऑग्डेन यांचं भाषांतर विट्गेनश्टाइन यांनी स्वतः तपासलं होतं, आणि १९१९ साली रसेलना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दिलेला खुलासाही ‘ॲटॉमिक फॅक्ट’च्या बाजूने झुकतो. तरीही मला दुसरं भाषांतर पटतं. लेखक परभाषेतल्या शब्दाला होकार देतो तेव्हा तो त्या शब्दाला होकार देतो, त्या शब्दामुळे पुढच्या पन्नास पानांत काय काय बिघडेल त्याला नव्हे. ते बिघडलेलं वाचकाला दिसतं, कारण त्याच्यापाशी फक्त पानं असतात.

‘कॉन्टिन्जन्सी’ची गोष्ट उलट्या दिशेने गेली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांनी १९५१ च्या सुमारास ‘डबल कॉन्टिन्जन्सी’ मांडली: दोघं समोरासमोर आले की माझं वागणं तुझ्यावर अवलंबून आणि तुझं माझ्यावर. हार्वर्डला पार्सन्स यांच्याकडे शिकून आलेल्या निक्लास लूमान यांनी तो शब्द जर्मनमध्ये नेला, पण ‘कोन्टिंगेन्त्स’ला त्यांनी तर्कशास्त्रातला जुना अर्थ दिला: जे अपरिहार्य नाही आणि अशक्यही नाही, जे आहे तसं आहे पण वेगळंही असू शकलं असतं. त्यांचं ‘झोत्सियाले झिस्टेमे’ हे १९८४ चं पुस्तक १९९५ मध्ये इंग्रजीत आलं तेव्हा शब्द आपल्या जन्मघरी परतला, तोच चेहरा घेऊन आणि वेगळाच अर्थ घेऊन. इंग्रजी वाचक त्यात ‘अवलंबून असणं’ ऐकतो; लूमान यांना ‘अन्यथा असू शकणं’ म्हणायचं असतं. मराठीत तर तिसराच पेच आहे. आपल्याकडे हा शब्द सरकारी मार्गाने आला. राज्याचा ‘आकस्मिकता निधी’ अनपेक्षित खर्चासाठी असतो. ‘अकस्मात’ म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही असं. पार्सन्स यांचा शब्द कारणाला बांधलेला, आपला कारणापासून सुटलेला. लूमान मराठीत आणणाऱ्याने ‘आकस्मिकता’ला हात न लावता ‘अन्यथा होऊ शकणं’ असं सरळ लिहावं. लांबी वाढेल, पण शक्यता व्यवस्थेत राहील, निधीत जाणार नाही.

हे सगळं जिथे एकत्र येतं ते पुस्तक म्हणजे रॉबर्ट मुझिल यांची अपुरी राहिलेली कादंबरी ‘डेअर मान ओने आइगनशाफ्टन’. तिचा पहिला खंड १९३० चा. तिच्या चौथ्या प्रकरणात ‘वास्तव’ ओळखणाऱ्या जाणिवेच्या शेजारी मुझिल ‘म्योग्लिशकाइट्सझिन’ म्हणजे शक्यता ओळखणारी दुसरी जाणीव ठेवतात. जर्मनमध्ये ‘झिन’ घ्राणेंद्रियालाही म्हणतात आणि दिशांची जाण असण्यालाही. म्हणजे हे अंगात असलेलं एखादं इंद्रियच. एथने विल्किन्स आणि एर्न्स्ट कायझर यांनी पन्नाशीच्या दशकात, मग सोफी विल्किन्स आणि बर्टन पाइक यांनी १९९५ मध्ये, दोघांनीही ‘सेन्स ऑफ पॉसिबिलिटी’ केलं. शब्दशः चूक काढायला जागा नाही. तरी आजच्या इंग्रजीत एखाद्या नव्या शहरात उतरल्यावर, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माणसाला ‘सेन्स ऑफ पॉसिबिलिटी’ वाटतो. तो आशेचा एक भाव आहे. मुझिल यांच्या नायकाला आशा वाटत नसते. जे आहे त्याला, नसलेल्यापेक्षा जास्त महत्त्व द्यायला तो तयार नसतो, आणि हे त्याला वासासारखं जाणवतं. त्याची भाषाही त्याच अंगाने चालते. मुझिल यांचं गद्य ‘कोन्युंक्टिव्ह’ने भरलेलं आहे, आल्ब्रेख्ट श्योने यांनी १९६१ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. या क्रियारूपाचा एक प्रकार ‘असतं तर’चा, जो आपल्या संकेतार्थात आहे, दुसरा परक्याचं बोलणं सांगण्याचा, जिथे जर्मन वार्ताहर ‘तो म्हणाला’ न लिहिता परिच्छेदच्या परिच्छेद दुसऱ्याच्या नावे लिहून जातो. इंग्रजीत प्रत्येक वाक्याला ‘ही सेड’चा खुंटा ठोकावा लागतो. आपल्या ‘म्हणे’ला त्या जर्मन रूपाची सर जवळजवळ येते, फक्त ‘म्हणे’त संशयाची छटा येऊन बसते आणि जर्मन रूप तटस्थ राहतं.

‘म्योग्लिशकाइट्सझिन’ थेट जर्मनमधून मराठीत आणायचा तर ‘शक्यतेची भावना’ चालणार नाही, तीच आशेची गल्ली. ‘शक्यतेचं इंद्रिय’ बरोबर आहे, पण मुझिल यांचा शब्द इतका अनोळखी नव्हता. ‘वास्तवाची जाण’ हा शब्द जर्मनमध्ये रुळलेला होता आणि त्याच्या सावलीत त्यांनी नवा शब्द उभा केला. मराठीत ‘वास्तवाचं भान’ तसंच रुळलेलं आहे. थोरल्यांच्या उपदेशात, अग्रलेखांत, निवडणुकीनंतरच्या विश्लेषणांत ते सतत येतं. त्याच्या शेजारी ‘शक्यतेचं भान’ ठेवलं की जर्मनमधली जोडी जशीच्या तशी उभी राहते, आणि वर मराठीचं स्वतःचं एक देणं मिळतं. शक्यतेचं भान असलेल्या माणसांना व्यवहारी जग स्वप्नाळू आणि तऱ्हेवाईक ठरवतं, हे मुझिल त्याच प्रकरणात सांगतात. मराठीत त्यांच्याविषयी बोलताना लोक म्हणतील की यांचं भान हरपलंय. वाचकाला त्या क्षणी ठाऊक असेल की हरपलं आहे ते एक भान, आणि दुसरं पुरेपूर जागं आहे.